कॅराव्हॅन-मोटरहोमच्या दाराची कुलपं: तेल सोडायच्या आधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

कॅम्परव्हॅनचं दार जड लागायला लागलं की लोक पहिल्यांदा किल्लीच्या भोकात तेल सोडतात. घरात असेल ते, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, नाहीतर डब्ल्यूडी-४० चा एक लांबलचक फवारा. थोडे दिवस किल्ली छान फिरते, मग त्या तेलाला कोकणातली लाल माती चिकटते, आत गाळ होतो आणि एक दिवस रात्री साडेदहाला गुहागरच्या किनाऱ्यावर सगळं कुटुंब बाहेर उभं आणि दार काही उघडत नाही. दार जड झालं तर लॉकमध्ये काय घालू, हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो आणि इतक्या वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू केला जातो की एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

यात क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आधी गाडी, मग दार, मग लॅच (दाराला चौकटीशी धरून ठेवणारी खिट्टी), आणि किल्लीचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतो तो भाग, सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर नवीन लॉक आणून बसवलं तरी तक्रार तीच राहते, कारण बिघाड लॉकमध्ये नसतोच बऱ्याचदा, दार खाली बसलेलं असतं.

## आधी बघा, गाडीवर कुठली कुठली कुलपं आहेत

आपल्याकडच्या बहुतेक मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसवर बांधलेल्या असतात, त्यामुळे एकाच गाडीवर तीन-चार जातीची लॉक सापडतात आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

ड्रायव्हरच्या केबिनची दारं कंपनीची असतात. त्यांचा लॅच गोल फिरणारा असतो आणि तो चौकटीवरच्या लोखंडी कडीला धरतो. राहायच्या भागाचं दार मात्र काही गाड्यांत मूळ पॅसेंजर दारच ठेवलेलं असतं, काहींत बॉडीवाल्याने फायबर किंवा ॲल्युमिनियमचं दार करून त्याला बाहेरून आणलेलं लॉक लावलेलं असतं. या बाहेरून आणलेल्या लॉकची बॉडी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे मऊ, आणि आत पिनांऐवजी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. जोर लावला तर आधी किल्ली वाकते, मग चकत्या. तिसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांची छोटी कॅम लॉक, ज्यात किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरते. आणि ज्यांची ओढून न्यायची कॅराव्हॅन आहे त्यांच्या दारात काही वेळा वर आणि खाली दोन ठिकाणी धरणारं लॉक असतं, आतल्या दोन सळया हँडलला जोडलेल्या असतात.

मोबाईलवर प्रत्येक लॉकचा जवळून फोटो काढून ठेवा, किल्लीवर किंवा लॉकच्या तोंडावर नंबर असेल तर तोही. किल्ली हरवली तर हाच नंबर कामाला येतो. फक्त हे फोटो गाडीतच राहणाऱ्या फोनमध्ये ठेवू नका, घरच्या माणसालाही पाठवा.

## तयारी

सामान फार नाही, पण काम सुरू करून मग हार्डवेअरच्या दुकानात पळायची वेळ येऊ नये:

- टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, म्हणजे फवारल्यावर सुकून पांढरट थर राहतो तो. पीटीएफई ड्राय ल्यूब म्हणून मागा
- पांढरं लिथियम ग्रीस, छोटी ट्यूब पुरते
- सिलिकॉन स्प्रे, हा फक्त रबरासाठी
- कॉन्टॅक्ट क्लीनर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो
- जुना टूथब्रश, लहान रंगाचा ब्रश, सुती फडकी
- स्क्रूड्रायव्हर, ॲलन कीचा सेट, एक मार्कर, खडू, वर्तमानपत्राच्या पट्ट्या

दोन्ही किल्ल्या हातात पाहिजेत. एकच किल्ली उरली असेल तर आज कुलूप उघडायला घेऊ नका, आधी दुसरी करून घ्या.

काम सकाळी सुरू करा. संध्याकाळी पाचला स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरची कडी किंवा भोकाची पट्टी जिच्यात लॅच अडकतो ती, सैल केला आणि दार लागेना झालं तर रात्रभर गाडी उघडी ठेवावी लागते. शिवाय दुपारच्या उन्हात दाराचं माप बदलतं: सहा फुटी ॲल्युमिनियमचं दार सकाळपेक्षा ३० अंश जास्त तापलं तर लांबीत सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि बाहेरचा पत्रा तापलेला, आतली बाजू एसीमुळे गार असं असेल तर दार किंचित बाहेर कमान घेतं. तेवढ्याने लॅच घासायला लागतो. म्हणून "सकाळी लागतं, दुपारी लागत नाही" अशी तक्रार असेल तर ती लॉकची नाहीच, हे आधीच लक्षात घ्या.

सावध: काम चालू असताना एक खिडकी किंवा केबिनचं दार उघडं राहू द्या आणि एक किल्ली खिशात. क्लीनर ज्वलनशील असतात, आतला गॅस सिलिंडरपाशी बंद करा, शेगडी नाही, सिगारेट नाही.

## टप्पा १: गाडी सपाट जागी उभी करा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. गाडीचं एक चाक खड्ड्यात किंवा दगडावर असेल तर बॉडीला पीळ बसतो आणि दाराची चौकट काटकोनात राहत नाही. त्या अवस्थेत तुम्ही स्ट्रायकर सेट केलात तर सपाट रस्त्यावर दार लागणार नाही.

ओढायच्या कॅराव्हॅनमध्ये तर हे अजूनच. कोपऱ्यातले चार पाय हे गाडी हलू नये म्हणून असतात, जॅक म्हणून नाहीत. एखादा पाय जास्त फिरवून कोपरा उचलला की बॉडी पिळते, दार अडकतं आणि लोक लॉकला दोष देतात. चारही पाय सैल करा, आधी गाडी लेव्हलला आणा, मग पाय जमिनीला टेकून जेमतेम ताण येईल इतकेच फिरवा.

तपासा: मोबाईलमधलं स्पिरिट लेव्हलचं ॲप दाराच्या उंबऱ्यावर ठेवा. मग दार अर्धं उघडून सोडा. जागच्या जागी राहिलं तर ठीक, आपोआप उघडत किंवा मिटत गेलं तर गाडी अजून तिरकी आहे किंवा बिजागरी बसली आहे.

## टप्पा २: दार उघडं ठेवून लॉक चालवून बघा

इथे पाच मिनिटांत कळतं की दोष कुठे आहे.

दार उघडं ठेवा. लॅचला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलकेच दाबून बंद स्थितीत आणा, म्हणजे दार लागलंय असं लॅचला वाटलं पाहिजे. आता बाहेरून किल्ली फिरवा, हँडल ओढा, लॅच सुटला का बघा. मग आतल्या हँडलने तेच. मग दुसऱ्या किल्लीने तेच.

- दार उघडं असताना सगळं सहज चालतं आणि बंद केल्यावरच जड जातं: लॉक चांगलं आहे, दाराचं बसणं बिघडलंय. टप्पा ४ वर लक्ष द्या.
- दार उघडं असतानाही किल्ली जड: सिलिंडर किंवा किल्ली. टप्पा ६ आणि ७.
- किल्ली सहज फिरते पण लॅच हलत नाही: आतली जोडणारी सळई किंवा तिची प्लॅस्टिकची क्लिप निसटली आहे. दाराचं आतलं पॅनेल उघडावं लागेल.
- एक किल्ली चालते, दुसरी नाही: किल्ली झिजलेली आहे, लॉकला हात लावू नका.

पुण्यातल्या एका मित्राने राहायच्या भागाच्या दाराचं लॉक लागोपाठ दोनदा बदलून घेतलं होतं, तरी दार खांद्याने ढकलल्याशिवाय लागायचं नाही. जुनं लॉक हातात घेऊन बघितलं तर त्याच्या जिभेच्या, म्हणजे बाहेर येऊन स्ट्रायकरच्या पट्टीत शिरणाऱ्या तुकड्याच्या, खालच्या कडेवर नखाएवढी एक चकचकीत पट्टी घासून तयार झालेली, वरची कड मात्र काळपट, अगदी नव्यासारखी. म्हणजे जीभ दर वेळी पट्टीच्या भोकाच्या खालच्या ओठावर आपटत होती. दार खाली आलेलं, बस. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल होते. तुमच्या लॉकची जीभही अशी उजेडात धरून बघा, कुठली कड घासली आहे त्यावरून दार कुठे सरकलंय ते सरळ वाचता येतं.

सावध: लॉक उघड्या दारात दहा वेळा लागोपाठ नीट चाललं नाही तोवर दार बंद करून बघायचं नाही. कुणी कितीही म्हणू दे.

## टप्पा ३: धुणं आणि साफसफाई

किनाऱ्यावरून आलेली गाडी असेल तर आधी साध्या गोड्या पाण्याने दार, चौकट, बिजागऱ्या, हँडलच्या मागची फट असं सगळं धुवा. मीठ ओलावा धरून ठेवतं, वरून ग्रीस लावलं तर मीठ त्याच्या खाली अडकून राहतं. पाइप हळू सोडा. सर्व्हिस सेंटरवरचा प्रेशरचा फवारा किल्लीच्या भोकावर किंवा हँडलच्या कडेवर थेट मारू देऊ नका, पाणी आणि वाळू दोन्ही आत ढकलली जातात.

मग लॅच आणि स्ट्रायकरवरचं जुनं काळं ग्रीस टूथब्रश आणि फडक्याने पूर्ण काढा. जुन्यावर नवीन थापायचं नाही, त्या जुन्यात वाळूचे कण असतात आणि ते पॉलिश पेपरचंच काम करतात.

सिलिंडरमध्ये आधी कुणी तेल घातलेलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी भोकात घालून थोडं थोडं फवारा, खाली फडकं धरा, किल्ली आत-बाहेर करा, किल्ली पुसा, परत. पहिल्या दोन-तीन वेळा किल्लीवर काळी पेस्ट येते. ती यायची थांबेपर्यंत करत राहा आणि मग अर्धा तास तरी सुकू द्या.

सावध: कॅम्परच्या खिडक्या बऱ्याचदा काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. स्पिरिट, थिनर, क्लीनर असलं काही उडालं तर त्यात बारीक तडे जाळीसारखे पसरतात आणि ते पुसून जात नाहीत. दारातच खिडकी असेल तर ओलं फडकं टेपने लावून ती झाकून घ्या.

## टप्पा ४: बिजागऱ्या आणि दाराचं बसणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

दार अर्धं उघडून हँडलच्या बाजूने दोन्ही हातांनी वर उचलून बघा. हाताला ढिलेपणा जाणवला तर एकाने उचलत राहायचं आणि दुसऱ्याने बिजागऱ्यांकडे बघायचं. बिजागरीची पिन हलते आहे की पूर्ण बिजागरीच पत्र्यावरून हलते आहे? पिन झिजली असेल तर बिजागरी बदला. बिजागरीच हलत असेल तर स्क्रू.

स्क्रूच्या बाबतीत एक मोठी चूक नेहमी होते. फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या सँडविच पॅनेलमध्ये (दोन पातळ पत्रे, मध्ये लाकूड किंवा फोम) स्क्रू पिदला, म्हणजे नुसता फिरत राहतो, की लोक त्याच भोकात जाड आणि लांब स्क्रू ठोकतात. तो चार महिने धरतो, मग भोक आणखी मोठं होतं आणि त्यातून पाणी आत जाऊन पॅनेलमधलं लाकूड किंवा फोम कुजतो. भोक साफ करून इपॉक्सीने भरा, पूर्ण कडक झालं की नवीन बारीक भोक पाडा. जिथे दाराचं पूर्ण वजन येतं तिथे फॅब्रिकेटरकडून रिव्हेट नट, म्हणजे पत्र्यात पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवून घेतलेलं बरं. आणि बाहेरून लावलेल्या प्रत्येक स्क्रूखाली ब्यूटाइल टेपचा (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) तुकडा द्या.

ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू असतील तर खाऱ्या हवेत स्क्रू चांगला राहतो पण त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं. दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा वायसर आणि थोडं सीलंट असलं की हे बरंच थांबतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गाडी नेहमी उभी राहत असेल तर हे कराच.

आता स्ट्रायकर. बिजागऱ्या घट्ट झाल्याशिवाय याला हात लावायचा नाही.

१. स्ट्रायकरच्या कडेने मार्करने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही.
२. लॅचच्या जिभेवर खडू घासा, दार हळू लावा, उघडा. स्ट्रायकरवर खडू कुठे लागला ते बघा. मधोमध पाहिजे.
३. स्क्रू पूर्ण काढू नका, अर्धा फेरा सैल करा. काही गाड्यांत मागची पट्टी सुटी असते आणि ती पॅनेलच्या आत पडली की पूर्ण चौकट उघडावी लागते.
४. एका वेळी एक मिलिमीटर, एकाच दिशेने. वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही एकदम बदलू नका, मग काय कशाने झालं कळत नाही.
५. घट्ट करा, परत खडू, परत बघा.

स्ट्रायकर फार आत घेतला की दार खाडकन आपटावं लागतं, आणि आपटलं की हँडलच्या आतल्या क्लिपा तुटतात. फार बाहेर ठेवला की रबर दबत नाही आणि पावसात पाणी येतं.

तपासा: वर्तमानपत्राची पट्टी रबर आणि चौकटीच्या मध्ये ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. दाराच्या चारही बाजूंनी, दर फुटावर. सगळीकडे थोडी अडून निघाली पाहिजे. कुठे सहज निघाली तर तिथून पाणी आणि धूळ येणार, कुठे फाटलीच तर तिथे दार दाबलं जातंय.

## टप्पा ५: लॅचला ग्रीस

गोल फिरणाऱ्या लॅचला आणि सरळ जिभेला, दोन्हीला पांढरं लिथियम ग्रीस. तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं, जिथे धातू धातूवर घासतो तिथेच. बोटाने पसरा, लॅच वीसेक वेळा चालवा, बाहेर आलेलं पुसून टाका. बिजागरीच्या पिनेला मात्र पातळ तेलाचे दोन थेंब आणि बाकीचं पुसायचं.

गोल लॅच दोन टप्प्यांत लागतो, दोन टक आवाज येतात. पहिल्या टकवर दार लागल्यासारखं दिसतं पण हलतं. घाटात वळणावर हेच दार उघडतं आणि आत मुलं असतात, त्यामुळे दुसरा टक ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

ग्रीस किल्लीच्या भोकात अजिबात नको.

## टप्पा ६: सिलिंडर

आता कुठे किल्लीच्या भोकाची पाळी. साफ आणि पूर्ण सुकलेल्या सिलिंडरमध्ये टेफ्लॉनच्या कोरड्या स्प्रेचा एक छोटा फवारा, किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर, मग दोन्ही बाजूंना फिरवा, किल्ली पुसा. झालं. जास्त मारल्याने जास्त चालत नाही.

ग्राफाइट पावडर घालू का, असं बरेच विचारतात. पुणे, नाशिक, नागपूरकडे कोरड्या हवेत चालते, छान चालते. पण समुद्राकाठच्या गाडीत मी घालत नाही, कारण ग्राफाइट वीज वाहून नेतो आणि खारा ओलावा मिळाला की जस्त आणि ॲल्युमिनियम त्याच्या संगतीत लवकर गंजतात. आधी कुणी ग्राफाइट घातलेलं असेल आणि तुम्ही वरून तेल मारलंत तर घट्ट पेस्ट होते. दोन्हींपैकी एकच, आणि एकातून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये पूर्ण साफ करून.

खोबरेल तेलाचं सांगायलाच पाहिजे. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे सिलिंडरमधलं खोबरेल मेणासारखं घट्ट झालेलं असतं, चकत्यांच्या बारीक स्प्रिंगा दबलेल्या राहतात आणि किल्ली बरोबर असूनही लॉक तिला ओळखत नाही. हॉटेलवाल्याकडून गरम पाण्याची बाटली आणून लॉकवर धरली की उघडतं, पण त्यानंतर टप्पा ३ पासून सगळं करा.

डब्ल्यूडी-४० चा उपयोग नाही असं नाही. नावातच आहे, ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे. पावसात सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते बाहेर काढायला मारा, पण नंतर क्लीनरने धुवून टेफ्लॉन मारा. कायमचं वंगण म्हणून त्यावर थांबू नका.

बाजारात काहीच मिळालं नाही आणि प्रवासात आहात तर मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी, किल्लीच्या दातांवर घासून आत-बाहेर करा. एचबी पेन्सिलीत चिकणमाती जास्त असते, ती टाळा.

## टप्पा ७: किल्ली

किल्लीने दार ओढू नका. हे मोठ्या अक्षरात दारावर लिहून ठेवावं असं वाटतं. हातात पिशव्या असतात, किल्ली फिरवली आणि तिलाच धरून दार खेचलं, असं रोज होतं. त्यातून किल्ली हळूहळू पिळते, मानेपाशी बारीक चीर जाते आणि मग आत तुटते. किल्ली फिरवायची, हात हँडलवर न्यायचा, मग ओढायचं.

किल्ली टेबलावर सपाट ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. किल्ली आणि टेबलाच्या मधे उजेड दिसला तर ती वाकली आहे. हातोडीने सरळ करून वापरत राहू नका, सरळ केलेली किल्ली तिथेच तुटते. नवीन करताना झिजलेल्या किल्लीवरून करू नका, नाहीतर चावीवाला ती झीजच नव्या किल्लीत उतरवतो. कपाटात पडून असलेली दुसरी, न वापरलेली किल्ली द्या किंवा नंबरावरून करून घ्या. नव्या किल्लीच्या कडेला बारीक कुसळ राहिलं असेल तर ते काढून मगच लॉकमध्ये घाला.

## टप्पा ८: रबर

दाराभोवतीचं रबर ईपीडीएमचं (गाड्यांच्या दारांना लावतात तो कृत्रिम रबराचा प्रकार) असेल तर त्याला ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन काही लावू नका, पेट्रोलियमने ते फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं रबर दाराला बाहेर ढकलतं, लॅचवर ताण येतो आणि परत सगळे लॉकला हात घालतात. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, सुकवा, सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून ते फडकं फिरवा. थेट दारावर फवारू नका, पायरीवर उडालं तर घसरायला होतं.

## टप्पा ९: बाहेरचे कप्पे

कॅम लॉकची नेहमीची तक्रार म्हणजे किल्लीबरोबर पूर्ण लॉकच फिरतं. आतला मोठा नट सैल झालेला असतो. कप्पा उघडा, नट घट्ट करा आणि निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, थेंब द्या. लाल वापरू नका, नंतर निघत नाही.

लॉक बदलायचं असेल तर जुनं काढून दुकानात घेऊन जा. भोकाचा व्यास, नळीची लांबी आणि मागच्या पट्टीची लांबी तिन्ही जुळलं पाहिजे.

परदेशातून आणलेल्या तयार झाकणाच्या कप्प्यांवर किल्लीला सीएच७५१ असा नंबर असेल तर एक समजून घ्या: अमेरिकेत ही एकच किल्ली असंख्य गाड्यांच्या कप्प्यांना लागते आणि ऑनलाइन सहज विकत मिळते. तिथे पाइप आणि वायर ठेवा, लॅपटॉप नको.

गॅसच्या कप्प्याच्या दाराला रबर लावून तो हवाबंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून तळाची जाळी उघडीच पाहिजे.

## टप्पा १०: बंद दाराची चाचणी

एक माणूस आत, एक बाहेर, दोघांकडे किल्ली. बाहेरून लॉक करा, आतून उघडा. आतलं हँडल किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडलं पाहिजे. डोळे मिटून करून बघा. घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांनाही उघडायला लावा, त्यांच्या बोटांत तेवढा जोर आहे का ते बघा. रात्री आत शेगडी किंवा वायरिंग पेटलं तर याच हँडलवर सगळं अवलंबून आहे.

याच कारणासाठी बाहेरून आल्ड्रॉप आणि मोठं कुलूप लावायची जी पद्धत पडली आहे ती मला धोक्याची वाटते. आत कुणी झोपलंय हे विसरून ड्रायव्हरने बाहेरून कडी घातली तर आतून काहीच करता येत नाही. पार्किंगसाठी लावायचंच असेल तर गाडी रिकामी आहे हे आत डोकावून बघूनच, आणि प्रवासात ते कुलूप काढून डब्यात.

सेंट्रल लॉकिंग असेल तर रिमोटने पाच-सहा वेळा करून बघा. आवाज येतो पण लॅच हलत नाही म्हणजे आतली सळई निसटली. आवाजच मंद असेल तर आधी गाडीची बॅटरी मोजा, निवांत पडलेली पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. रिमोटचा सेल संपला तरी किल्लीने उघडता आलं पाहिजे, म्हणून रिमोट असलेल्यांनीही महिन्यातून एकदा किल्ली वापरा. वर्षानुवर्षं न वापरलेलं सिलिंडर नेमकं गरजेच्या दिवशी अडकतं.

## तरीही अडकलंच तर

जोर लावायचा नाही. गाडी तिरकी उभी असेल तर थोडी पुढे-मागे घेऊन सपाट करा. मग एकाने दार लॉकच्या बाजूने तळहाताने आत दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने किल्ली फिरवायची. लॅचवरचा रबराचा ताण गेला की बऱ्याचदा लगेच सुटतं. नाही सुटलं तर केबिनच्या दाराने आत जा आणि आतून प्रयत्न करा.

किल्ली आत तुटली तर भोकात फेविक्विक लावून काडी चिकटवायचा उद्योग करू नका, सिलिंडर कायमचं जातं. तुटलेला तुकडा फक्त किल्ली घालायच्या स्थितीतच बाहेर येतो. सिलिंडर अर्धवट फिरलेलं असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने आधी ते हलकेच मूळ जागी आणा, मग जिगसॉच्या बारीक ब्लेडचा दात तुकड्यात अडकवून ओढा. दोनदा जमलं नाही तर चावीवाल्याला बोलवा.

लेह-स्पितीला जाणारे किंवा जर्मनी-कॅनडात कॅम्पर चालवणारे आपले लोक असतील तर गोठलेल्या लॉकवर उकळतं पाणी ओतू नका, ते आत जाऊन परत गोठतं. अल्कोहोलवालं डी-आइसर वापरा, आणि नंतर सुकवून टेफ्लॉन.

## किती वेळाने

पूर्ण काम वर्षातून दोनदा. एकदा मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. खंडेनवमीला गाडी धुवून-पुसून पूजेला लावतोच आपण, तो दिवस यासाठी सोयीचा आहे. किनाऱ्यावरून परतल्यावर मात्र प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणं आणि सिलिंडरला एक छोटा फवारा, त्याच आठवड्यात.

पावसाळाभर गाडी कव्हर घालून उभी राहणार असेल तर दर पंधरा दिवसांनी एकदा कव्हर उचलून प्रत्येक कुलूप किल्लीने फिरवा आणि प्रत्येक दार एकदा पूर्ण उघडून दोन-तीन तास वारं लागू द्या. रबर इतके दिवस दबून चौकटीला चिकटतं, आणि गणपतीत गाडी काढताना घाईत दार खेचलं की तेच फाटतं.